दरज भरावी लागते

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कार्यालयाबाहेरच्या फलकावर इमारत दुरुस्तीचे अंदाजपत्रक लावलेले होते. छपराचे पत्रे बदलणे, खिडक्यांना रंग देणे, आणि तिसऱ्या ओळीत ‘दगडी भिंतीच्या दरजा भरणे’. मधल्या सुट्टीत आठवीच्या चार मुली तो कागद वाचत उभ्या होत्या. त्यातली एक आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, भिंतीला पण दर्जा असतो? आणि तो भरायचा कसा, फॉर्मसारखा?”

मुली हसल्या, आम्हीही हसलो. पण तासाची घंटा झाली तरी तो प्रश्न मनातून जाईना. आमच्या लहानपणी हा शब्द घरात रोज ऐकू यायचा. आमचे दादा गवंडीकाम करत. संध्याकाळी थापी-ओळंबा कोपऱ्यात ठेवून हात धुताना ते दादीमांना सांगत, “आज अमक्याच्या वाड्याच्या दरजा झाल्या.” शेजारचे सुतारमामा दाराच्या फळ्या जुळवताना डोळा बारीक करून म्हणत, “दरज दिसते अजून, रंधा मारावा लागेल.” आज ठेकेदार ‘पॉइंटिंग’ म्हणतो, फर्निचरवाला ‘गॅप’ म्हणतो, आणि दरज सरकारी अंदाजपत्रकात तेवढी उरली आहे. तिथेही मुलांना ती ‘दर्जा’ वाटते.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तास या एका शब्दावर घेतला. तोच तास थोडा वाढवून वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत. वाढवण्याचे कारण आमच्या घरातलेच आहे, ते पुढे येईल.

एक चेहरा, तीन शब्द

मराठीत लिहिताना तीन वेगवेगळे शब्द जवळजवळ सारखे दिसतात. दर्जा म्हणजे पायरी, श्रेणी. दर्ज करणे म्हणजे नोंद करणे, जसे पोलीस ठाण्यात तक्रार दर्ज होते. आणि दरज म्हणजे दोन वस्तू जिथे एकमेकींना भेटतात ती रेघ. दोन फळ्यांमधली, दोन दगडांमधली, कापडाच्या दोन तुकड्यांमधली.

उर्दूच्या फळ्यावर हा घोळ लगेच सुटतो. दर्जा आणि दर्ज या दोघांत ‘जीम’ हे अक्षर आहे आणि दोन्ही शब्द अरबीतून आले. दरजेत मात्र ‘ज़े’ आहे, आणि तो शब्द फारसी आहे. उर्दूत ‘दर्ज़’ असा उच्चार करतात, मराठीने मध्ये एक ‘र’ पूर्ण करून ‘दरज’ केले. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली: एक दरज, अनेक दरजा. देवनागरीत जीम आणि ज़े दोन्हींना ‘ज’च लिहितात, त्यामुळे आमच्या विद्यार्थिनीने केलेली चूक अगदी स्वाभाविक होती.

या शब्दाचा एक नातेवाईक तर प्रत्येक गल्लीत आहे: दर्जी. मराठीत शिंपी म्हणतात, आपल्या घरांत दर्जी. दर्जी म्हणजे दरज घालणारा. कापड विणकर विणतो, कात्री कोणीही चालवतो; पण दोन तुकडे जिथे जोडले जातात ती रेघ ज्याच्या हातात आहे, त्याला त्या रेघेवरूनच नाव मिळाले. एका व्यवसायाला सांध्याचे नाव मिळावे, यावरून जुने लोक सांध्याला किती मान देत होते ते कळते.

सुतार-गवंड्यांच्या पेटीत असे अनेक पाहुणे शब्द घरचे होऊन राहिले आहेत. रंधा हा फारसी ‘रंदा’. काटकोन तपासायचा गुण्या हा फारसी-उर्दूतला ‘गुनिया’, आणि त्याच्याही मागे गेले तर ग्रीकांचा कोनासाठीचा शब्द ‘गोनिया’. समुद्रावर गेलो तर वर्तमानपत्रात रोज वाचतो ते ‘सुकाणू’ अरबीतले ‘सुक्कान’ आहे आणि कोळीवाड्यातला ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’. कारागिरांनी हत्यार घेतले तेव्हा त्याचे नावही सोबत घेतले.

जहाज फळीतून बुडत नाही

दरजेचे खरे मोल पाहायचे तर जहाजाकडे जावे लागते. लाकडी जहाज म्हणजे शेकडो फळ्या. सागवानाची फळी बोटभर जाड असो की वीतभर, तिच्यातून पाणी आत येत नाही. पाणी येते ते दोन फळ्यांच्या मधून. म्हणून जहाज बांधणाऱ्याची परीक्षा फळीवर होत नसे, दरजेवर होत असे.

अरबी समुद्रातल्या जुन्या जहाजांची एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना खरी वाटली नाही. ती जहाजे खिळ्यांनी ठोकलेली नसत, चक्क शिवलेली असत. फळीच्या काठाला ओळीने भोके पाडायची, नारळाच्या काथ्याची दोरी त्यांतून ओवायची आणि एक फळी दुसरीला शिवून टाकायची. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्ने बतूता मालदीवच्या वर्णनात या काथ्याच्या दोरीबद्दल सांगतो, आणि कारणही देतो: या समुद्रात खडक फार, खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले की फुटते, शिवलेले जहाज थोडे लवते आणि टिकते. दर्जी आणि जहाज बांधणारा सुतार यांचे काम तेव्हा खरोखरच एक होते.

सूरह कमरच्या तेराव्या आयतीत हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या नौकेचा उल्लेख येतो तोही फळ्या आणि ‘दुसुर’ या दोनच गोष्टींनी. ‘दुसुर’चा अर्थ बहुतेक मुफस्सिरांनी खिळे असा घेतला आहे, काहींनी फळ्या बांधण्याच्या काथ्याच्या दोऱ्या असाही घेतला आहे. अर्थ कोणताही घ्या, नौकेची ओळख सांगताना शिडाचा उल्लेख नाही, वल्ह्यांचा नाही. फळी आणि फळीला फळी जोडणारी वस्तू, एवढेच.

जोडल्यावर दरज भरावी लागे. तिच्यात कापूस किंवा काथ्या ठासायचा आणि वरून राळ व तेलाचे मिश्रण लावायचे. खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत या कामाला ‘कलापत्ती’ म्हणत. अरबीत ‘कलफत’, तुर्कीत ‘कलाफात’, पोर्तुगीजांत ‘कलाफाते’. अर्ध्या जगाचे खलाशी या एका कामाला जवळजवळ एकाच नावाने ओळखत होते.

पुढे खिळ्यांची मोठी जहाजे आली तरी दरज भरणे सुटले नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटली, ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगत आहे. लाकूड उत्तम होतेच. पण उत्तम लाकडाचेही जहाज दरजांची निगा थांबली की बुडते.

दरजेत जे भरतात ते फळीपेक्षा मऊ असते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कापूस, काथ्या, राळ. लाकूड भिजले की फुगते, सुकले की आकसते. दरजेत दगडासारखे काही भरले तर फुगणारी फळी कुठे जाईल? ती एक तर स्वतः फुटेल किंवा शेजारणीला फोडेल. मऊ भरण दोघींना जागा देते आणि पाण्याला देत नाही. ते झिजते, म्हणून पुन्हा भरावे लागते. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, तेव्हाच त्यांच्या डागडुजीची वेळ असते.

अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज

आमचा धाराशिव जिल्हा, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडातला उस्मानाबाद, समुद्रापासून दूर, कोरडा. इथल्या मुलांनी जहाज पुस्तकात पाहिलेले. मग हा विषय आमचा कसा?

आपल्या मराठवाड्यातच, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण पाचव्या शतकातल्या चित्रकाराला जहाज माहीत होते. त्या चित्राचा आधार घेऊन आपल्या नौदलाने अलीकडे एक जहाज बांधून घेतले. गोव्यात केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या, दरजा नारळाच्या काथ्याने आणि राळेने भरल्या गेल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला हे जहाज ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. इब्ने बतूताने सांगितलेली शिवण आजही समुद्र झेलते, हे त्यामुळे डोळ्यांनी पाहता आले.

आणि आपला तेर. धाराशिवपासून जवळच, तेरणा नदीकाठी. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात त्याचे नाव ‘तगर’ असे येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधे कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे. म्हणजे जहाजात चढणारा माल आधी आपल्याकडच्या गाडीत चढे. जहाज सुताराने बांधले तसे गाडीही सुतारानेच बांधली.

त्या गाडीचे चाक पाहा. उन्हाळ्यात लाकूड सुकले की आऱ्यांच्या सांध्यांत दरजा पडतात आणि वरची लोखंडी धाव सैल वाजू लागते. गाडीवान काय करतो? गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवतो. लाकूड पाणी पिते, फुगते, दरजा मिटतात, धाव घट्ट बसते. जहाजाचे सुतारही हेच जाणून होते; फार दिवस कोरड्यावर राहिलेल्या होडीच्या दरजा उघडतात, पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगून त्या हळूहळू मिटतात. समुद्र न पाहिलेल्या आमच्या सुतारमामांना समुद्रावरच्या सुतारांची विद्या येत होती, ती अशी.

नळदुर्गचा चुना, किल्लारीची माती

लाकडाची दरज आणि दगडाची दरज या सख्ख्या बहिणी. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. आदिलशाहीतल्या इब्राहिम आदिलशाह दुसरा यांच्या काळातले, १६१३ सालचे हे बांधकाम. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धबधब्यांतून नदी वरून कोसळत असते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. सहलीला गेलो की मुले धबधब्याकडे बघतात. आम्ही त्यांना एकदा तरी भिंतीकडे वळवतो. दोन दगडांमधली रेघ बघा म्हणतो. चारशे वर्षे नदीला ज्याने अडवून धरले आहे त्यात त्या रेघेचा वाटा दगडाएवढाच आहे.

दादा सांगत, चुना जिवंत असतो. त्याचा अर्थ पुढे पुस्तकात सापडला. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि चिरेत पुन्हा बसतो. तो दगडापेक्षा मऊ असतो. भिंत हलली तर ताण दरज सोसते, दगड वाचतो. तो श्वासही घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेली ओल दरजेतून बाहेर पडते.

दरज वाईट असली तर काय होते, तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे गेली. आमच्या नानांचे गाव उमरगा-लोहाऱ्याच्या त्या पट्ट्यातले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. तीन दिवसांनी अब्बांबरोबर गेलो तेव्हा गल्ली कुठे होती हे ओळखू आले नाही.

तिथल्या घरांच्या भिंती हात-दोन हात जाड, दगडाच्या. पाहणाऱ्याला वाटे, याहून भक्कम काय असेल? पण ती भिंत एक नव्हती. बाहेरची एक पाकळी, आतली एक पाकळी, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही पाकळ्यांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता, आणि दरजांत चुन्याऐवजी माती. जमीन हलली तशा पाकळ्या सुटल्या आणि वरचे मातीचे जड माळवद खाली आले. पुढे दुरुस्तीच्या कामात इंजिनिअरांनी आरपार दगड बसवण्यावर भर दिला तो यासाठीच.

नानांच्या घराच्या बाहेरच्या भिंती पडल्या. मधल्या दोन खणांत मात्र सागवानी खांब होते, खांबाचे कुसू तुळईच्या भोकात घट्ट बसलेले. त्या दोन खणांचे माळवद वर राहिले. खाली झोपलेली आठ माणसे बाहेर आली. शेजारचे घर आमच्या नानांच्या घराहून नवे होते, दगड चांगला होता. तिथून कोणी आले नाही. दादा त्या ढिगाऱ्याजवळ बराच वेळ बसून होते. उठताना एवढेच म्हणाले, “पत्थर अच्छा था. दरज कच्ची थी.”

आमच्या घरातली दरज

एवढे सगळे शिकून, शिकवून, आमच्या स्वतःच्या घरात काय झाले ते सांगायला हवे.

दादांनी बांधलेले घर. ते गेल्यावर अब्बा आणि चाचा यांची वाटणी झाली, त्याला बारा वर्षे झाली. अंगणात विटांची भिंत आली. ती जुन्या दगडी भिंतीला नेऊन टेकवली. गवंडी नवा होता, दोन भिंती एकमेकींत गुंतवायच्या असतात हे त्याने केले नाही, आणि त्याला ते कोणी सांगितलेही नाही. त्या दिवसांत घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. नव्या-जुन्या भिंतींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक उभी दरज राहिली.

पहिल्याच पावसात पाणी आले. अब्बा म्हणाले, ही दरज त्यांच्या भिंतीची आहे. चाचा म्हणाले, भिंत यांनी मागितली होती. शेवटी अब्बांनी आपल्या बाजूने सिमेंट भरले. पुढच्या वर्षी चाचांनी त्यांच्या बाजूने सिमेंट भरले. दोन्हीकडून दरज गुळगुळीत दिसू लागली आणि दोन्ही घरांना वाटले, संपला प्रश्न.

पाणी वरून येत होते. माथ्यावर दरज उघडीच होती, तिकडे कोणाची शिडी गेली नव्हती. आत शिरलेल्या पाण्याला आता बाहेर पडायला वाट उरली नाही. ते जुन्या भिंतीत मुरत राहिले, आणि त्या भिंतीत तुळईचे टोक होते. दहा वर्षे ते टोक आतल्या आत कुजत होते.

मागच्या श्रावणात, रात्री अडीचच्या सुमारास, दादीमांना वर करकर ऐकू आली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, झोप कमी, हे त्या रात्री कामी आले. त्या भिंत धरून उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि हाक मारली. आम्ही पोचेपर्यंत तुळई हातभर खाली आली होती आणि माळवदाची माती त्यांच्या बाजेवर पडली होती. उशी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर मिस्त्रीचाचा आले. दादांच्या हाताखाली काम शिकलेले. तुळईला टेकू दिला, दरजेवर हातोडीने ठोकून पाहिले आणि अब्बांना म्हणाले, “भाई, ये दरज एक बाजू से नहीं भरती. उधर का दरवाजा खुलवाओ.”

अब्बा गप्प राहिले. मिस्त्रीचाचा स्वतःच बाहेरून वळसा घालून चाचांच्या दारात गेले. चाचांना म्हणाले, तुमचे सिमेंट आधी काढतो, मग त्यांचे. दोन्हीकडे एकाच दिवशी चुना भरला तरच बसेल. माणूस दोन्हीकडे उभा पाहिजे.

त्या दिवशी अब्बा भिंतीच्या अलीकडे आणि चाचा पलीकडे चुन्याची घमेली देत उभे होते. वरून मिस्त्रीचाचा एकदा इकडे हात करत, एकदा तिकडे. दुपारी चाचीने डबा पाठवला. दादीमा अंगणात बाजेवर बसून दोन्ही मुलांना सूचना देत होत्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा दोघेही एकाच वेळी “जी अम्मा” म्हणत होते.

वाटणीचा वाद मिटला असे आम्ही म्हणणार नाही. नव्या तुळईचा खर्च कोणी किती द्यायचा, यावर अजून बोलणे चालू आहे. पण बोलणे चालू आहे.

दरज कशी भरावी

जुने दगडी घर असलेल्या वाचकांसाठी मिस्त्रीचाचांनी केलेले काम थोडक्यात.

आधी पाणी कुठून येते ते शोधावे. ते बहुधा माथ्यावरून येते. खाली भरून उपयोग नाही. जुने सैल भरण हळू हाताने, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरून काढावे. ब्रशने धूळ झाडावी आणि भिंत पाण्याने भिजवावी, कारण कोरडा दगड चुन्यातले पाणी ओढून घेतो. एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग चाळलेली वाळू. हे एकदम न भरता थराथराने ठासावे. कडक उन्हात काम करू नये; भरल्यावर काही दिवस ओले गोणपाट लावून भिंत ओलसर ठेवावी. चुना हाताला आणि विशेषतः डोळ्यांना भाजतो, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीत सिमेंट भरू नये. ते चुन्याहून कठीण आणि ओल कोंडणारे; दिसायला भरलेले दिसते, आत दगड पोखरतो.

लाकडी दाराची दरज भर उन्हाळ्यात ठासून भरू नये. तेव्हा लाकूड आकसलेले असते. पावसाळ्यात फुगले की जागा उरत नाही आणि दार अडते. बारीक चिरेला लांबी किंवा सरसात कालवलेला लाकडाचा भुसा पुरतो. तुळई जिथे भिंतीत शिरते ते टोक वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर मिस्त्रीला बोलवावे.

टाळू आणि माया

शब्दाचा शेवटचा पत्ता माणसाच्या डोक्यात आहे. अरबी वैद्यकात कवटीची हाडे जिथे जुळतात त्या रेघांना आजही ‘दर्ज़’ म्हणतात. जन्माच्या वेळी या दरजा उघड्या असतात. हाडे थोडी सरकतात म्हणून बाळाचे डोके अरुंद वाटेने सुखरूप बाहेर येते. आपल्याकडे आजी बाळाची टाळू तेलाने भरते. समोरची मऊ टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात भरून येते, तोवर आत मेंदू वाढत असतो. दरज हा तिथे दोष नाही, वाढीसाठी ठेवलेली जागा आहे.

घराचेही तसेच असावे. दोन भाऊ, सासू-सून, शेजारी-शेजारी, एका गावात राहणारे दोन समाज, जिथे दोन आहेत तिथे दरज असणारच. मशिदीत सफ लावताना आपण खांद्याला खांदा लावतो, मधली जागा भरतो, आणि ती रोज पाच वेळा भरावी लागते. काल भरली होती म्हणून आज चालत नाही. बोलणे, विचारपूस, ईदचा डबा, आजारपणात मारलेली चक्कर, हे सगळे मऊ भरण आहे. ते झिजते. हक्क आणि हिशोब यांचे सिमेंट आपापल्या बाजूने थापले की वरून गुळगुळीत दिसते, आणि आत तुळई कुजत राहते. हे आम्हाला पुस्तकातून कळायला हवे होते. दादीमांच्या बाजेवर माती पडल्यावर कळले.

तासाच्या शेवटी आम्ही गृहपाठ दिला: घरी जाऊन दरज शब्द विचारा, कोणाला माहीत आहे बघा. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी सगळ्यांत आधी उभी राहिली. तिची अम्मी घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते.

“सर, अम्मीला दरज माहीत आहे. पण ती म्हणाली, दरज नुसती घालून चालत नाही. शिलाईच्या आत थोडे कापड जास्त ठेवावे लागते. माणूस वाढला, जाड झाला, तर उसवून सोडता येते. नाहीतर कापड फाटते.”

“त्या जास्तीच्या कापडाला काय म्हणतात, विचारलेस का?”

“हो सर,” ती म्हणाली. “माया.”